कॅमेरा कोठे ठेवला आहे?

भयपट पाहणाऱ्या मुलांना आपल्या घरांतून दोनच उत्तरे मिळतात : ‘टीव्ही बंद करा’ किंवा ‘भूतबीत काही नसते, झोपा’. आमच्या मते दोन्ही अपुरी आहेत. मुले भुतांवर विश्वास ठेवतील, ही चिंता गौण होय. भयपट माणसांची भीती बाळगायला शिकवतो आणि ती शिकवण कथेपेक्षा कॅमेऱ्याच्या कोनातून अधिक मिळते.

कळमन्याच्या बाजार आवारात मिरची निवडत बसलेल्या एखाद्या वृद्धेची कल्पना करावी. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवला, तर कष्टाने थकलेली आजी दिसते. तोच जमिनीलगत ठेवून वर रोखला, की ती अक्राळविक्राळ होऊन पडदा व्यापते. चौकट किंचित तिरपी केली, की पायाखालची जमीनही दगा देईलसे वाटते. पोत्यांच्या थप्पीआडून, चोरट्या नजरेने तिला टिपले, की प्रेक्षक श्वास रोखतो. एवढ्या वेळात त्या बिचारीने मिरचीच निवडलेली असते!

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) जिन्यावर गुप्तहेराचा खून होतो, तेव्हा कॅमेरा एकाएकी छताशी जातो. त्या उंचीवरून खुन्याचा चेहरा दिसतच नाही. दिसतो तो म्हातारीचा पेहराव. लगेच गुप्तहेराचा रक्ताळलेला चेहरा पडदाभर येतो. दूरच्या दृश्यावर इतके जवळचे दृश्य आदळताच प्रेक्षक दचकतो आणि म्हातारीला दोषी ठरवून मोकळा होतो. ती म्हातारी कधीच मेलेली आहे, हे शेवटी उलगडते. हिचकॉकने आपली लबाडी निदान स्वतःच उघड केली. आमच्याकडे रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’पासून (१९८४) कुरूप चेहरा म्हणजेच पाप, हे समीकरण रूढ झाले आणि ते मोडण्याची गरज फारच थोड्यांना वाटली.

‘करमणुकीत एवढे काय शोधायचे?’ असे कोणी विचारील. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ सालीच आला होता. या प्रकारास चित्रपट जबाबदार होता, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु म्हातारी, विधवा, विद्रूप माणसे यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहण्याची खोड समाजात आधीच मुरलेली असताना पडद्याने तिला खतपाणी का घालावे?

भयपटच नकोत, असा याचा अर्थ नव्हे. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त (२०१७) कॅमेरा एका गरोदर स्त्रीसोबत उसाच्या फडात शिरतो. भर दिवसाही चार हातांपलीकडचे दिसत नाही, म्हणून तिची घुसमट आपली होते. खरे भय भुतांचे नसून मुली नकोशा झालेल्या जिवंत माणसांचे आहे, हे उमगते, तेव्हा प्रेक्षकाला आपल्याच समाजाची भीती वाटते. असे भय आम्हांस उपकारक वाटते.

म्हणून आपल्या धर्मग्रामातील पालकांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. मुलांच्या वयाला झेपेल तेच त्यांना दाखवावे. पण दाखवाल तेव्हा शेजारी बसावे. किंकाळी विरली, की विचारावे : कॅमेरा कोठे ठेवला होता? आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहत होतो? आणि जिला आपण घाबरलो, तिने खरोखर केले तरी काय? या प्रश्नांची सवय लागलेले मूल उद्या गल्लीतल्या एकट्या म्हातारीकडे मान वर करून, सरळ पाहील.