बुटक्या पपईची बाजू

पपई हा विषय कलाशाखेच्या वार्षिकात कशाला, असे कोणी विचारील. परंतु ज्या झाडाच्या उंचीवर एखाद्या घराचा वर्षाचा खर्च निघणार की बुडणार हे ठरते, ते झाड केवळ शेतकी महाविद्यालयाचे राहत नाही.

पपईचे मूळ दुखणे असे की, बी पेरताना तिचे लिंग ओळखता येत नाही. वॉशिंग्टनसारख्या जुन्या वाणात नर व मादी झाडे वेगळी. सुमारे निम्मी रोपे नर निघतात. म्हणून शेतकरी एकेका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावतो, महिनोन् महिने खतपाणी घालतो आणि फुले दिसली की परागापुरते थोडे नर राखून बाकीचे उपटतो. अशा पिकात फूल महिनाभर आधी येणे म्हणजे महिनाभराचे फुकट पोसणे वाचणे! शिवाय मावा किडीने पसरणारा रिंगस्पॉट विषाणू बागेत लवकर शिरला, तर उशिरा फळणाऱ्या झाडाकडून फारशी आशा उरत नाही.

उंचीचेही तसेच. पपईचे खोड पोकळ. फळांनी लगडलेले उंच झाड वादळात प्रथम आडवे होते.

१९३४च्या भूकंपानंतर भारतीय कृषी संशोधन संस्था बिहारमधील पूसाहून दिल्लीस गेली, पण पूसाचे केंद्र चालू राहिले. तेथेच गॅमा किरणांच्या साहाय्याने 'पूसा नन्हा' हा वाण निर्माण झाला. जमिनीपासून अवघ्या ३० सेंटिमीटरवर त्याला फळे लागू लागतात. सव्वा मीटर अंतराने लावल्यास हेक्टरी ६,४०० झाडे बसतात. यास परसबागेतील खेळणे म्हणून हसणाऱ्यांनी हा आकडा एकदा पाहावा.

तथापि माझी तक्रार वेगळीच आहे. 'पूसा नन्हा'तही नर झाडे येतातच. उलट तैवानच्या 'रेड लेडी'त मादी व उभयलिंगी झाडेच असतात, नर नसतात. म्हणूनच खानदेशात तिचा एवढा बोलबाला झाला. पण ती संकरित. तिच्या फळातले बी धरून लावले तर तीच गुणवत्ता मिळत नाही, आणि प्रत्येक नव्या लागवडीला पाकीट विकत घ्यावे लागते. बुटकेपणा, लवकर येणारे फूल आणि उभयलिंगी झाड हे तिन्ही गुण घरी धरता येईल अशा एकाच बियाण्यात आणणे, हे काम सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधन केंद्रांनी अग्रक्रमाने करावे. बियाणे विकून जगणाऱ्या कंपनीला ते करण्याचे कारणच काय?