लास व्हेगास : धंदा परतला, कामगारांचे काय?

लास व्हेगास हे अमेरिकन शहर जुगारासाठी जगाला ठाऊक असले, तरी सुट्टीचे दिवस वगळता तेथील हॉटेलांची भिस्त असते ती व्यापारी अधिवेशनांवर आणि प्रदर्शनांवर. २०१९ साली शहरात सव्वाचार कोटी पाहुणे आले. त्यांतील साठ लाखांहून अधिक अधिवेशनांसाठी. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे राज्यपालांनी कॅसिनो बंद केले आणि वर्षअखेर पाहुण्यांची संख्या एक कोटी नव्वद लाखांवर घसरली.

जून २०२१ मध्ये सरकारी अधिवेशन केंद्राच्या नव्या पश्चिम दालनात काँक्रीट उद्योगाचे प्रदर्शन भरले आणि धंदा सावरल्याची द्वाही फिरली. सुमारे शंभर कोटी डॉलरचे हे दालन कोणा मालकाच्या दातृत्वातून उभे राहिलेले नाही. अधिवेशन केंद्राच्या विस्तारासाठी नेवाडाच्या विधिमंडळाने २०१६ साली हॉटेलच्या खोलीभाड्यावरील कर वाढविला होता. मालकांच्या खोल्या भराव्यात म्हणून कराचा पैसा खर्ची पडतो, तेव्हा त्यास कोणी समाजवाद म्हणत नाही. त्या खोल्या आवरणारी बाई आपली नोकरी परत मागू लागली, की मात्र उद्योगस्वातंत्र्य धोक्यात येते!

साथीत ‘कलिनरी’ युनियनचे जवळजवळ सर्व, म्हणजे साठ हजारांच्या घरातील, स्वयंपाकी, वाढपी आणि सफाई कामगार घरी बसले होते. धंद्याबरोबर कामगारही आपोआप परततो, असे मानण्याइतकी ही युनियन भोळी नव्हती. फ्रंटिअर हॉटेलसमोर १९९१ ते १९९८ असा सहा वर्षांहून अधिक काळ संप चालवून तो जिंकण्याचा अनुभव तिच्या गाठीशी होता. नवे दालन उघडले त्याच महिन्यात, तिच्या रेट्यामुळे, कमी केलेल्या कामगारांना प्रथम कामावर बोलावण्याची सक्ती करणारा कायदा राज्यात झाला. तथापि तो मुदतीचा होता.

दरम्यान साथीचे निमित्त साधून खोल्यांची रोजची सफाई बंद करण्याची टूम हॉटेलांत निघाली. वस्तुतः चार दिवस न आवरलेल्या खोलीतील काम कमी होत नाही, साचते. कमी होतात ते कामाचे दिवस आणि काम करणारे हात. साथीच्या काळात रोजच्या सफाईची सक्ती करणारा कायदा २०२३ साली विधिमंडळाने मागे घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ३५ हजार कामगार संपाच्या उंबरठ्यावर उभे राहिले, तेव्हा मुदत संपता संपता सीझर्स, एमजीएम आणि विन या तिन्ही बड्या कंपन्यांना समझोता करावा लागला. पाच वर्षांत सुमारे ३२ टक्के वाढ मिळाली. विधिमंडळाने काढून घेतलेली रोजची सफाई कामगारांनी करारात परत मिळविली आणि मंदी वा साथ आल्यास कामावर परतण्याचा हक्कही त्यात वाढवून घेतला.

२०२५ साली लास व्हेगासचे पाहुणे पुन्हा घटले. या वेळी मात्र परतण्याचा हक्क मुदतीच्या कायद्यात नाही, २०२८ पर्यंतच्या करारात आहे.