'मोघम' या शेऱ्याच्या बाजूने

आपल्याकडे समीक्षेचा सर्वाधिक लिहिला जाणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा प्रकार कोणता, असे कोणी विचारले तर मी परीक्षकाचा शेरा असे उत्तर देईन. शाळेच्या सराव परीक्षेत तो समासात लाल शाईने उमटतो: 'मोघम', 'कारण कुठे आहे?', 'प्रश्न पुन्हा वाचा'. बोर्डाच्या परीक्षेत तो आकड्यात विरघळून जातो आणि विद्यार्थ्यापर्यंत पोचतो तो केवळ आकडा. दहावीच्या भूगोलाच्या निमित्ताने या शेऱ्याची बाजू घेण्याचा प्रस्तुत लेखात हेतू आहे. साहित्याच्या वाचकांना हा विषय परका वाटेल. परंतु भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत ज्या दोषांवर बोट ठेवले जाते, त्यांतील बहुतेक दोष भाषेचे आहेत, आणि तीच मुले तीन वर्षांनी आपल्या वर्गात कवितेचे रसग्रहण लिहायला बसतात.

भूगोलाची प्रश्नपत्रिका चाळीस गुणांची, वेळ दोन तास. तीत 'भौगोलिक कारणे लिहा' असा एक प्रश्न असतो. दोन कारणांना मिळून सहा गुण. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शाळांत या प्रश्नाची तयारी कशी होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला तीन शब्दसमूह पाठ असतील: सुपीक मृदा, मुबलक पाणीपुरवठा, अनुकूल हवामान. गव्हाला हे तीन, उसाला हे तीन, ब्राझीलच्या कॉफीलाही हेच तीन. गाईडमध्ये ते ठळक अक्षरांत असतात, शिकवणीत ते चालीवर म्हणवून घेतले जातात आणि उत्तरपत्रिकेत ते अधोरेखित होऊन अवतरतात. परीक्षक समजा 'मोघम' म्हणाला आणि तीनपैकी एक गुण देऊन पुढे गेला, तर पालक म्हणतात की सगळे मुद्दे आले होते, परीक्षकाने वाचलेच नाही.

माझे म्हणणे असे की, परीक्षकाने वाचले होते म्हणूनच त्याने गुण कापले. 'जळगाव जिल्ह्यात केळीचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर होते' हे विधान घेऊ. रावेर-यावलच्या मुलाने या विधानाखाली 'अनुकूल हवामान' असे लिहिले, तर ते नुसते मोघम नसते, ते असत्य असते. केळ हे दमट उष्ण प्रदेशातले झाड. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, कोरडा तप्त वारा सुटतो आणि पानांच्या चिंध्या होतात. या हवामानाच्या नाकावर टिच्चून केळी पिकवली जाते, आणि ती कशी पिकवली जाते हेच खरे भौगोलिक कारण आहे. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी तापीच्या खोऱ्यात आणून टाकलेला खोल गाळ, त्या गाळातून उपसलेले विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी, बागेच्या कडेने वारा अडवण्यासाठी लावलेली शेवरी वा गजराज गवत, पुढे आलेले ठिबक सिंचन, आणि सावदा-रावेरच्या स्थानकांवरून उत्तर भारताच्या बाजारपेठेकडे जाणारी रेल्वे. त्या मुलाच्या वडिलांना ही सर्व कारणे माहीत असतात. मुलालाही माहीत असतात, कारण शेवरी लावायला तो स्वतः गेलेला असतो. परीक्षेच्या कागदावर मात्र त्याने स्वतःच्या शेताविषयी एक खोटे वाक्य लिहिलेले असते, ते त्याला छापील मिळालेले असते म्हणून. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यातले 'भौगोलिक' म्हणजे नेमके काय, हे दोन-तीन वाक्यांत लिहिता येईल असा दहावीचा विद्यार्थी त्याच तालुक्यात सापडणे कठीण व्हावे, ही गोष्ट मला विनोदी वाटत नाही.

या उत्तरातील मोघमपणा एका गंभीर प्रश्नावर पांघरूणही घालतो. 'मुबलक पाणीपुरवठा' असे दरवर्षी लिहिणाऱ्या यावल-रावेरच्या पट्ट्यात भूजलाची पातळी वर्षानुवर्षे खोल चालली आहे. मुबलक हा शब्द ज्याने शोधून, तपासून वापरला असता, त्याला तो खोडावा लागला असता.

यावर एक साधी कसोटी सुचवतो. उत्तर लिहून झाल्यावर त्यातील प्रदेशाचे वा पिकाचे नाव बोटाने झाकावे. त्या जागी दुसरे नाव घातले तरी उत्तर जसेच्या तसे खरे वाटते का? वाटत असेल तर ते त्या प्रश्नाचे उत्तर नाही. परीक्षक 'मोघम' म्हणतो तेव्हा त्याने मनात हेच केलेले असते. आणि आता आपल्या दालनात या. 'कवयित्रीने ग्रामीण जीवनाचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे', 'लेखकाची भाषा ओघवती व आशयघन आहे', 'ही कादंबरी वास्तवाचे विदारक दर्शन घडवते'. या वाक्यांतील कर्त्याचे नाव झाका. पदव्युत्तर उत्तरपत्रिकांतील, शोधप्रबंधांतील आणि (क्षमस्व) नियतकालिकांच्या परीक्षणांतील किती पाने या कसोटीवर टिकतील? आपले 'आशयघन' आणि भूगोलाचे 'अनुकूल' ही सख्खी भावंडे आहेत. त्यामुळे दहावीच्या त्या मुलाकडे बघून हसण्याचा अधिकार मराठी विभागांना फारसा उरत नाही.

दुसरा नेहमीचा दोष म्हणजे विधानाचीच पुनरुक्ती. २०१८ मध्ये दहावीला जे भूगोलाचे पुस्तक आले, त्यात भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना आहे. 'ब्राझीलमध्ये पश्चिमवाहिनी नद्या आढळत नाहीत' याचे कारण विचारले की अनेक मुले लिहितात, कारण तेथील नद्या पूर्वेकडे व उत्तरेकडे वाहतात. हे कारण नाही. तेच वाक्य दिशा बदलून परत आले आहे. कारण लिहायचे तर भूमीच्या उतारावर यावे लागते. पश्चिमेला, देशाच्या सीमेबाहेर, अँडीजची भिंत आहे. सखल ॲमेझॉन खोरे अटलांटिकच्या दिशेने उतरत जाते. ब्राझीलच्या उच्चभूमीवरून निघालेले पाणी उत्तरेला, पूर्वेला वा दक्षिणेला जाते. भुसावळच्या मुलाला या प्रश्नाची किल्ली घराजवळच मिळते. दख्खनच्या पठाराचा सर्वसाधारण उतार पूर्वेकडे असताना मुलताईला उगम पावणारी तापी उलट दिशेने सुरतकडे का जाते? सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगांमधील खचदरीने तिला ती वाट दिली म्हणून. एक नदी पश्चिमेला का जाते हे ज्याला कळले, त्याला दुसऱ्या देशात तशा नद्या का नाहीत हे पाठ करावे लागत नाही. तुलनेचे पुस्तक करणाऱ्यांना बहुधा हेच अभिप्रेत असावे. आपण मात्र त्याची दोन स्वतंत्र पाठांतरे करून टाकली.

तर मग परीक्षकाच्या या निरीक्षणांचे होते काय? मुख्य परीक्षेनंतर परीक्षक असतात, नियामक असतात, त्यांच्या सभा होतात, उत्तरसूची ठरते. नाशिक विभागीय मंडळाच्या अखत्यारीत नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे चार जिल्हे येतात. एवढ्या उत्तरपत्रिका वाचणाऱ्या शिक्षकांजवळ मुले कुठे अडतात याचे जे ज्ञान साठते, ते कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाच्या अहवालाहून अधिक मोलाचे असते. ते झिरपत झिरपत तालुक्याच्या गावी जानेवारीत भरणाऱ्या 'दहावी मार्गदर्शन' व्याख्यानांत येते, तेव्हा त्याची युक्ती झालेली असते. 'नकाशाला सूची नव्हती, त्यामुळे कोणते चिन्ह कशाचे हे कळले नाही' या निरीक्षणाचे 'चौकट आखून सूची काढा, गुण पक्का' असे रूपांतर होते. 'स्तंभालेखाचे प्रमाण लिहिले नव्हते' याचे 'कोपऱ्यात प्रमाण लिहायला विसरू नका' होते. मग मुलगा एक सेंमी बरोबर कितीतरी कोटी असे लिहितो आणि स्तंभ त्याच्याशी न जुळणाऱ्या उंचीचे काढतो. शेऱ्यामागचा विचार गळून जातो आणि विधी तेवढा उरतो.

शेरा मूळ रूपात जाहीर करण्याला काही अडचण आहे असे वाटत नाही. आयसीएसई परीक्षा घेणाऱ्या परिषदेने विषयवार, प्रश्नवार असे विश्लेषण प्रसिद्ध केलेले आहे. मुलांनी कोणत्या प्रश्नात काय चुकवले, परीक्षकांचे म्हणणे काय, शिक्षकांनी काय करावे, गुण कसे दिले, हे सर्व भूगोलासह त्यात असते. मुंबई-पुण्यातील महागड्या शाळांत शिकणाऱ्या मुलाच्या शिक्षकाला जे वाचायला मिळते, ते शिंदखेड्याच्या जिल्हा परिषदेतून वर आलेल्या मुलाच्या शिक्षकाला मराठीत का मिळू नये? सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये, आदित्य बंदोपाध्याय यांच्या प्रकरणात, तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क माहिती अधिकाराखाली मान्य केला. त्यामुळे छायाप्रत मिळू लागली. परंतु तीनपैकी एक हा आकडा दिसला, तरी उरलेले दोन कुठे गेले हे तो आकडा सांगत नाही.

भूगोलाच्या बाबतीत आकडा आणि उत्तर यांचे नाते किती सैल आहे, हे २०२० साली सर्वांनी पाहिले. २३ मार्चला व्हायचा भूगोलाचा पेपर महासाथीमुळे पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये रद्द झाला. अन्य विषयांच्या सरासरीने भूगोलाचे गुण देण्यात आले. त्या परिस्थितीत दुसरे काही करणे शक्य नव्हते, हे मान्यच. मला खटकते ते एवढेच की, भूगोलाविषयी एक ओळही न लिहिता मिळालेल्या त्या गुणांत आणि एरवीच्या गुणांत काही फरक आहे, असे म्हणताना फारसे कोणी आढळले नाही.

शेरे जाहीर झाले तर गाईडवाले तेही छापतील, असा आक्षेप माझ्या काही सहकाऱ्यांनी घेतला आहे. छापतील, अवश्य छापतील. परंतु नमुना उत्तर पाठ करता येते. 'तुझ्या उत्तरातील अनुकूल म्हणजे काय?' हा प्रश्न पाठ करून भागत नाही, त्याला प्रत्येक वेळी नवे उत्तर द्यावे लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परीक्षकाचे म्हणणे प्रमाण मानले की मुले परीक्षकापुरतेच लिहू लागतील आणि परीक्षक तर साऱ्यांना एकाच मापाने मोजतो. यात तथ्य आहे, आणि त्याचे उदाहरण पुस्तकाच्या पहिल्याच पाठात मिळते. 'क्षेत्रभेट' असे त्याचे नाव. पुस्तकातली मुले नळदुर्गाहून अलिबागला जातात. धुळ्याची मुले वर्गात बसून त्यांचा प्रवास वाचतात आणि क्षेत्रभेटीची प्रश्नावली पाठ करतात. वर्गापासून काही मैलांवर पांझरा वाहते. तिच्यावर जुन्या बंधाऱ्यांची फड पद्धत आहे: पाटाने आलेले पाणी, शिवाराचे पाडलेले फड, एका फडात एका हंगामात सर्वांचे एकच पीक, पाणी फिरवणारा पाटकरी. शतकानुशतके चालत आलेली ही सामूहिक सिंचनाची रीत जगभरचे अभ्यासक येऊन पाहून जातात. साक्रीच्या एखाद्या मुलाने प्रश्नावलीत 'पाटकरी कोण नेमतो?', 'पाणी कमी पडले तर कोणता फड पडीक ठेवतात?' असे प्रश्न लिहिले आणि ते अहिराणी वळणाच्या मराठीत लिहिले, तर परीक्षक काय करील? एखादा पूर्ण गुण देईल, एखादा 'पुस्तकात नाही' म्हणून वा भाषेवर लाल रेघ ओढून अर्धे कापील. हा दुसरा परीक्षक आज सुरक्षित आहे, कारण त्याला कारण लिहावे लागत नाही. शेरा जाहीर लिहावा लागला तर 'उत्तर बरोबर, परंतु पुस्तकात नाही' हे वाक्य त्याला चारचौघांत उच्चारावे लागेल.

आता प्रश्न आपल्या वर्गांचा. मंडळ काय करील याची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या विद्यापीठाच्या नावातच जिला शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही अशी कवयित्री आहे, आणि आपल्या महाविद्यालयांच्या आवारात अनेक ठिकाणी माध्यमिक शाळाही भरते. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्या शाळेतील सराव परीक्षेच्या भूगोलाच्या उत्तरपत्रिका, नावे झाकून, वाचाव्यात. गुण देऊ नयेत. प्रत्येक कारणाखाली दोन ओळींचा शेरा लिहावा: कोणता शब्द जागेवर नाही, कोणते वाक्य विधानाचीच पुनरुक्ती आहे, 'म्हणून' कुठे आला आणि त्याच्या आधी काय यायला हवे होते. भूगोलाच्या शिक्षकांनी ते शेरे तपासावेत, कारण खचदरी आणि घळई यांतील फरकाविषयी आपल्या मुलांवर विसंबता येणार नाही. मग दहावीच्या मुलाने तेच उत्तर पुन्हा लिहावे, आणि शेरा लिहिणाऱ्याने ते पुन्हा वाचावे. सराव परीक्षा जानेवारीत होतात, मुख्य परीक्षा त्यानंतर महिना-दीड महिन्याने सुरू होते. मधल्या काळात एका विद्यार्थ्याच्या वाट्याला अशी दहा उत्तरे सहज येतील. समीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतील अंतर्गत गुणांसाठी आपण जे प्रकल्प लिहून घेतो, त्यांऐवजी हे काम धरायला अभ्यासमंडळाची परवानगी लागेल. तेवढा एक अर्ज करायचा आहे.