ईसीजी बाईनंच काढावा. पण ती बाई कोणाच्या घरातून यावी?

मागच्या रमजानमधली गोष्ट. इफ्तारनंतर माझ्या खालाचा जबडा दुखायला लागला. अंगाला दरदरून घाम सुटला. वय पंचावन्न, शुगरची गोळी चालू. मुदखेडमधल्याच एका दवाखान्यात तिला नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी ईसीजी काढा. मशीनजवळ पंचविशीतला एक मुलगा उभा होता. खालानं ओढणी घट्ट धरली आणि म्हणाली, "गॅस है बेटा, उतर जाएगा." सोबतच्या पुरुषांनी माना डोलावल्या. सगळे घरी परत आले. सहरीच्या वेळी तिला धावपळ करत नांदेडला न्यावं लागलं.

खाला वाचली. पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. आता ती खुर्चीवर बसून नमाज पढते आणि दोन पायऱ्या चढली की थांबते.

त्या रात्री मी नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात ड्युटीवर होते. ईसीजीच काढत होते. नंतर घरातला प्रत्येक जण मला म्हणाला, "तू असतीस तर!" या तीन शब्दांना उत्तर द्यायचं म्हणून हा लेख.

छातीत दुखत असलेल्या पेशंटचा ईसीजी दवाखान्यात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे, असं जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ सांगतात. बायकांमध्ये हार्ट अटॅक पुष्कळदा जबडा, पाठ, मळमळ, धाप अशा रूपात येतो. म्हणजे आधीच तो ओळखायला उशीर, त्यात लाजेचा उशीर. शरीयतमध्येही गरजेपुढे मनाई सैल होते, हे तत्त्व मदरशातल्या मुलालाही पाठ असतं. त्या रात्री ते एकालाही आठवलं नाही.

तरीही खालाला मी दोष देणार नाही. अनोळखी पुरुषासमोर छाती उघडी करायला कोणत्याही धर्माची बाई संकोचते. बाईचा ईसीजी बाईनं काढावा, ही मागणी रास्तच आहे. माझा प्रश्न मागणी करणाऱ्यांना आहे. ती बाई आभाळातून पडणार आहे का?

माझंच सांगते. दहावीला विज्ञानात मला चांगले मार्क होते. अकरावीला सायन्स घेते म्हटलं, तर घरात मजलिस भरली. प्रॅक्टिकल असतं, मुलीला घरी यायला अंधार पडतो, लोक काय म्हणतील. आर्ट्स घ्यावं लागलं. बारावीनंतर "सहा महिन्यांचा कोर्स कर, बायोडाटात लिहायला बरं" म्हणून एका केंद्रात नाव घातलं. फी वीस हजार. नऊ मुली, एक मशीन, आणि त्या मशीनमध्ये कागदाचा रोल नव्हता. परीक्षेत उत्तरं फळ्यावर लिहून दिली. सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून मिळालं. एका सरकारी भरतीत ते दाखवलं, तेव्हा समोरच्या कारकुनानं ते पूर्ण वाचलंही नाही.

लोकांना वाटतं, चार क्लिपा लावायच्या आणि बटण दाबायचं. तसं नाही. टोकं दहा असतात. लाल उजव्या हाताला, पिवळं डाव्या हाताला, हिरवं डाव्या पायाला, काळं उजव्या पायाला. उरलेली सहा छातीवर, बरगड्या बोटानं मोजून. पहिलं टोक चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधल्या फटीत, छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला. बाईच्या बाबतीत चौथं टोक स्तनाखाली जातं. संकोचापायी टोकं वर सरकवली, तर चांगल्या हृदयात बिघाड दिसू शकतो किंवा खरा बिघाड झाकला जाऊ शकतो. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी लाल आणि पिवळ्याची अदलाबदल केली होती. डॉक्टरांची नजर तीक्ष्ण, म्हणून निभावलं. माझं खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं, आणि तेही पेशंटच्या जिवावर.

२०२१ साली संसदेनं संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या पदविकेला किंवा पदवीला किमान २००० तास, आणि तेही दोन ते चार वर्षांत, अशी अट आहे. आमच्या केंद्राचा हिशेब करा. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, २६ आठवडे. झाले ३१२ तास. राज्यात सरळ रस्ता आहे तो नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बी.पी.एम.टी. पदवीचा. बारावी सायन्सनंतर तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यात हृदयरोग तंत्रज्ञाची वेगळी शाखा आहे. दार उघडं आहे, पण किल्ली आहे सायन्सची, आणि ती आपण मुलीच्या हातातून अकरावीलाच काढून घेतो.

कोणी म्हणेल, अमेरिकेत तर काही महिन्यांत ईकेजी टेक्निशियन होता येतं. खरं आहे. पण तिथं शिकवणारा एक आणि प्रमाणपत्राची परीक्षा घेणारी संस्था दुसरी असते, आणि जिवंत माणसांवर काढलेले ईसीजी मोजून दाखवावे लागतात. आपल्याकडे शिकवणारा, तपासणारा आणि शिक्का मारणारा एकच, म्हणून त्या कागदाला किंमत नाही.

कोणी म्हणेल, पैसा कुठून आणायचा? वीस हजार आपण कागदावर घालतोच ना? जुलै २०२४ मध्ये राज्य शासनानं निर्णय काढला. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आपल्यातले बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी, तांबोळी ओबीसीच्या यादीत आहेत. मौलाना आझाद महामंडळाचं शैक्षणिक कर्जही आहे. पण फीमाफी मान्यताप्राप्त प्रवेशालाच मिळते, गल्लीतल्या केंद्राला नाही.

सरकारलाही सोडायचं कारण नाही. तालुक्याच्या दवाखान्यात एक महिला तंत्रज्ञ आणि एक पडदा, एवढंही आपण मागितलेलं नाही. मोर्चे आपण पुष्कळ काढतो. या मागणीसाठी एक निवेदन तरी कोणी दिलंय का? आणि शिक्के विकणाऱ्या केंद्रांवर कारवाई करायला शासनाला कोणाच्या तक्रारीची वाट पाहायची आहे? माझी लिहून घ्या.

मुलींनो, फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा. मान्यता कोणाची? तास किती? प्रत्यक्ष काम कोणत्या दवाखान्यात? परीक्षा कोण घेणार? एकाचंही उत्तर लेखी मिळालं नाही तर उठून या.

आणि वडीलधाऱ्यांनो, मुदखेड हे जंक्शन आहे. निजामाबाद आणि आदिलाबादकडच्या लाईनी इथूनच फुटतात. इथली फुलं रोज नांदेडच्या बाजारात पोचतात. फक्त मुलीच्या कॉलेजसाठी तेच नांदेड आपल्याला फार लांब वाटतं.

माझ्या धाकट्या बहिणीनं यंदा सायन्स घेतलंय. घरात पुन्हा मजलिस भरली होती. या वेळी खाला खुर्चीवरून म्हणाली, "पढने दो. मेरा ईसीजी अब वोइच निकालेगी."

मजलिस तिथंच उठली.