हिरवं बटण

यंदा गणपतीला दादा नवी गाडी घेऊन आला. पांढरी, पेट्रोल, ऑटोमॅटिक. आईने ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवून झाली, पोरांनी वरच्या काचेतून डोकी बाहेर काढून झाली. मग दादाने मला शेजारी बसवून एक बटण दाखवलं. ते दाबलं की समोर एक हिरवं पान उमटतं.

"इको मोड. मी कायम ह्याच्यावरच चालवतो. पेट्रोल वाचतं."

मी विचारलं, डोंबिवलीहून नागावला यायला किती वेळ लागला? साडेसहा तास. त्यातले अडीच तास पेण-वडखळच्या रांगेत, जागच्या जागी. एसी चालू, पोरांची गाणी चालू आणि पान हिरवंगार!

तेव्हा मी गप्प बसले. आलेल्या माणसाशी भांडू नये, आणि घरात गणपती असताना तर नाहीच. पण आता विसर्जन झालं, दादा सुखरूप घरी पोचला, आणि इथे काय लिहायचं ते मी ठरवते. दादा, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. पाणी पिऊन घे आणि मग वाच.

तर मंडळी, आधी हे बटण करतं काय ते बघू. इंजिनाच्या पोटात ते कसलीही जादू करत नाही. पूर्वी ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत सरळ केबल असायची, आता मध्ये कॉम्प्युटर असतो. इको लावलं की तो कॉम्प्युटर तुमच्या पायाचं थोडं कमी ऐकतो. गाडी ऑटोमॅटिक असेल तर वरचा गिअर लवकर टाकतो, म्हणजे इंजिन कमी फेऱ्यांत चालतं. बऱ्याच गाड्यांत एसीचा जोरही जरा उतरवतो. बस्स, एवढंच. आपल्याकडे हे नवंही नाही. २०१४ च्या टाटा झेस्टमध्ये इको, सिटी आणि स्पोर्ट असे मोड होते, २०१६ च्या इनोव्हा क्रिस्टावर इको आणि पॉवर अशी दोन बटणं होती.

म्हणजे हा उतावळ्या पायाला घातलेला लगाम आहे. ज्याचा पाय मुळातच शांत, त्याला त्यातून फारसं मिळत नाही. हे मी वाचून सांगत नाहीये. माझ्याही गाडीत ते बटण आहे आणि उन्हाळ्यात मी वही घालून मोजलं. तोच नागाव-अलिबाग-पेण रस्ता, टाकी फुल ते टाकी फुल, एक महिना पान लावून, एक महिना न लावता. फरक आला लिटरमागे जेमतेम अर्धा किलोमीटर. पंपावरच्या पोराने नोझल कुठे थांबवली त्यानेही तेवढा फरक पडतो. एका गाडीवरून काही सिद्ध होत नाही, मान्य. पण माझा पाय मला कळला.

आता उदार होऊन धरू की पाच टक्के वाचतात. वर्षाला १०,००० किलोमीटर, लिटरला १५, म्हणजे ६६७ लिटर. त्याचे पाच टक्के म्हणजे ३३ लिटर. शंभर रुपये लिटर धरलं (हल्ली त्याहून जास्तच पडतं) तर वर्षाचे ३,३०० रुपये. वाईट नाही, घरात तेवढा किराणा येतो. पण दादाच्या त्या दिवसाचा हिशोब करा. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, सात लिटर पेट्रोल. पानाने वाचवलं फार तर पावशेर. आणि एसी लावून उभी असलेली छोटी गाडी तासाला अर्धा ते एक लिटर पिते. अडीच तासांत दोन लिटरच्या आसपास रांगेनेच खाल्लं. शिवाय डिकीत दोन वर्षं पडलेली क्रिकेटची किट आणि टपावर रिकामा कॅरिअर. टायरमध्ये हवा कधी भरली होती विचारलं तर वहिनी दादाकडे बघायला लागली आणि दादा समुद्राकडे.

आपल्याकडे ह्याला म्हण आहे, एकादशी दुप्पट खाशी! सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी, संध्याकाळी रताळ्याचा कीस, आणि रात्री झोपताना पुण्याचा हिशोब. माझा राग पानावर नाही, ह्या पुण्यावर आहे. एकदा पान हिरवं झालं की माणसाला वाटतं, आपलं कर्तव्य संपलं. मग पनवेलच्या पुढे मोकळा रस्ता दिसला की काटा शंभरावर. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि त्याला बटणाने काही फरक पडत नाही.

आमच्याकडचा एखादा तांडेल बघा. त्याच्या होडीला पान नाही, बटण नाही. डिझेलच्या पैशाचा मात्र त्याला पक्का धाक असतो. तो इंजिन हळू ठेवतो आणि भरतीचं पाणी आत शिरायला लागलं की त्याच्याबरोबर खाडीत येतो. उलट्या पाण्यात जोर करणं त्याला परवडत नाही. आणि आपण? वडखळला ओहोटी लागलेली असते नेमकी तेव्हाच निघतो.

थोडं स्वतःच्या घराबद्दलही बोलते, नाहीतर दादा म्हणेल मला एकट्यालाच धरलं. आमचे बाबा कार्लेखिंडीच्या उतारावर स्कूटर न्यूट्रल करून इंजिन बंद करायचे. थेट खाली सपाटीपर्यंत फुकट! मागे बसलेल्या मला तो मोठा पराक्रम वाटायचा. मी गाडी शिकले तेव्हा मीही उतारावर न्यूट्रल करायचे. हे दुप्पट चूक आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय काढला की उतारावर पेट्रोल पूर्ण बंद होतं. न्यूट्रल केलं तर इंजिन जिवंत ठेवायला ते चालू राहतं. म्हणजे पेट्रोल जातं ते जातं, वर इंजिनाचा धरही सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. बाबांचा हिशोब त्यांच्या स्कूटरपुरता होता, आणि तिथेही जिवावरचाच.

पण खरं सांगू का, मी हे पेट्रोलसाठी लिहायला बसले नाहीये. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आईचे डोळे दाखवायला पेणला निघालो. दादा म्हणाला, तूच चालव, बघ तरी. तो शेजारी, आई मागे, पान हिरवं. कार्लेखिंडीच्या चढावर पुढे सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला टेम्पो रांगत होता. समोर मोकळं दिसलं. माझ्या गाडीत जेवढा दाबते तेवढा पाय मी दाबला आणि बाहेर पडले. गाडी जागची हलेना! म्हणजे हलली, पण विचार करत करत. टेम्पोच्या बरोबरीला पोचले आणि वळणातून एसटीचं लाल तोंड बाहेर आलं. ब्रेक मारला आणि पुन्हा टेम्पोच्या मागे शिरले. एसटीवाल्याने हॉर्न दिला तो अजून कानात आहे. पाय पूर्ण तळाशी नेला असता तर गाडीने कदाचित सगळा जोर दिला असता, बऱ्याच गाड्या देतात. पण त्या दोन सेकंदांत हे आठवत नाही. पाय सवयीने दाबला जातो.

चूक माझी होती. वळणाच्या तोंडाशी ओव्हरटेक करायचाच नव्हता. पण त्या पानाने पायाची भाषा बदललेली आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि दादाला स्वतःलाही माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की पेट्रोल वाचतं. पेणपर्यंत कोणी बोललं नाही. उतरताना आई फक्त म्हणाली, "एवढी काय घाई होती गं?"

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. पान वापरा, पण त्याची जागा ओळखून. अलिबागच्या बाजारात किंवा चोंढी नाक्यावर मिनिडोरच्या मागे सरकताना जरूर लावा, तिथे मऊ पायाचा फायदाच होतो. नवशिक्याला तर मी मुद्दाम लावायला सांगेन, धक्के कमी बसतील. पण चढ, खिंड, काशीदसारखी वळणं, एकपदरी रस्त्यावरचा ओव्हरटेक, इथे बंद. आणि ज्याच्या हातात गाडी देता त्याला आधी सांगा की पान चालू आहे.

बाकी खरी बचत बटणाच्या बाहेर आहे. टायरची हवा महिन्यातून एकदा बघा. कॅरिअर उतरवा. रांग पूर्ण थांबली तर इंजिन बंद करा आणि काचा खाली करा, सप्टेंबरात वारा असतो. दादरच्या मावशीसाठी तर मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो आहे. ती बोटही डिझेलच जाळते, पण निदान तासभर तुमचं इंजिन गप्प असतं आणि वडखळ लागतच नाही. डोंबिवलीहून धक्क्यावर जाणं म्हणजे उलटी गंगा, हे कळतं मला. म्हणून दादा, तुझ्यासाठी एकच उपाय. पुढच्या वर्षी पहाटे तीनला नीघ.

हे मी सांगत नाहीये, आईने सांगितलंय. आणि ती क्रिकेटची किट घरी ठेवून ये.