आधी माणूस, मग तिकीट!

मेट्रोच्या गेटवर एकाचं कार्ड चाललं नाही, तरी मागे रांग तुंबते. तेव्हाच धूर आला तर? १८ नोव्हेंबर १९८७ला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात लाकडी सरकत्या जिन्याला लागलेली आग वर तिकीट हॉलमध्ये भडकली. ३१ जण गेले. संकटात सगळी गेटं एकदम उघडायची सोय असते, मान्य. पण बटण दाबणारा जागेवर हवा, वीज गेली तरी वाट मोकळी हवी, बाजूच्या दाराला कुलूप किंवा पुढे स्टॉल नको. आणि मॉक ड्रिल प्रवाशांना सोबत घेऊन व्हायला हवी. तोवर मित्रांनो, मोबाइलमधून मान वर काढा आणि आपल्या स्टेशनातून बाहेर पडायची दुसरी वाट एकदा चालून बघा.