गळा, खांदा आणि परंपरा

शनिवारी मशीनमध्ये कपडे टाकून नेटवर भटकत होतो. फिरता फिरता न्यूयॉर्क राज्यातल्या व्हाइट्सबोरो या गावाचा जुना शिक्का समोर आला. बघता क्षणी काय दिसतं? एक गोरा माणूस एका मूलनिवासी माणसाचा चक्क गळा दाबतोय!

गावाचं म्हणणं वेगळं. १७८४ साली इथे आलेला संस्थापक ह्यू व्हाइट आणि एक ओनायडा गडी यांची ही दोस्तीतली कुस्ती. व्हाइट जिंकला, त्यामुळे त्याला मान मिळाला, अशी आख्यायिका.

झाली असेल कुस्ती, मान्य. पण आमच्या धंद्यात साधा नियम आहे: आयकॉन समजावून सांगायला शेजारी माणूस बसवावा लागला, तर चूक युजरची नसते.

बरं, ही म्हणे परंपरा. अहो, १९७७ मध्ये तक्रार झाल्यावर गावानेच चित्र बदललं होतं की! हात गळ्यावरून खांद्यावर सरकवले. म्हणजे २०१६ मध्ये ज्या 'वारशा'साठी गाव हटून बसलं, ते ३९ वर्षांपूर्वीचं पॅच मारलेलं व्हर्जन होतं. बग मात्र जसाच्या तसा.

११ जानेवारी २०१६ ला मतदान झालं. २१२ पैकी १५७ मतं 'आहे तोच ठेवा' म्हणणारी. लोकशाही झिंदाबाद! पण मत गावकऱ्यांचं आणि चित्रात मागे रेलणारा गडी ओनायडांचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बहुतेक ओनायडा अमेरिकनांच्याच बाजूने लढले. बदल्यात काय मिळालं? एकेकाळी त्यांचा मुलूख सुमारे ६० लाख एकरांचा होता. १९२० पर्यंत हातात उरले ३२ एकर. दोस्तीतली कुस्ती म्हणे!

मतदानानंतर टीव्हीवर देशभर खिल्ली उडाली, तेव्हा कुठे गाव बदलायला तयार झालं. २०१७ मध्ये कुस्ती कायम ठेवून नवं चित्र आलं. मला खटकतं ते हेच. शेजाऱ्याचं म्हणणं ऐकून नाही, चारचौघांत हसं झालं म्हणून बदललं.

इतिहास पुसा असं मी म्हणतच नाहीये. शाळेत सांगा, म्युझियममध्ये सांगा, पण त्या ३२ एकरांसकट सांगा. शिक्का म्हणजे इतिहासाचं पुस्तक नव्हे. 'आम्ही हे असे' ही गावाची सही असते ती. आणि सहीत दुसऱ्याला कायम हरलेलाच दाखवायचा असेल, तर निदान त्याला दोस्ती तरी म्हणू नका.

असो. मशीन थांबलंय, कपडे वाळत घालतो.